खटला माणसावर, शिक्षा युनियनला

मुंबईहून निघालेली जुन्या जीआयपी, म्हणजे ग्रेट इंडियन पेनिन्सुला, रेल्वेची मुख्य वाट चाळीसगाव, पाचोरा, जळगाव करत भुसावळला पोहोचते. खानदेशातल्या कितीतरी घरांची चूल पिढ्यानपिढ्या या वाटेवर पेटली. या रेल्वेच्या कामगारांना एका युनियनमध्ये आणण्यासाठी १९२८च्या सुमारास जे लोक धडपडत होते, त्यांत के. एन. जोगळेकर हे नाव पुढे होते. २० मार्च १९२९ रोजी त्यांना अटक झाली. त्याच दिवशी देशभर धाडी पडल्या आणि श्रीपाद अमृत डांगे, शां. सा. मिरजकर, रघुनाथ निंबकर, सच्चिदानंद घाटे, डॉ. गंगाधर अधिकारी, गिरणी कामगार युनियनचे अध्यक्ष अर्जुन आळवे, त्यांचे सहकारी कासले आणि इतर मिळून ३१ जण पकडले गेले. आरोप होता ब्रिटिश बादशहाला हिंदुस्थानच्या राज्यापासून वंचित करण्याच्या कटाचा. भारतीय दंड संहितेचे कलम १२१-अ लावले होते आणि जास्तीत जास्त शिक्षा जन्मठेप काळ्या पाण्याची होती. हा मीरत कटाचा खटला. त्यात कम्युनिस्ट किती होते आणि नुसते कामगार पुढारी किती, यावर पुष्कळ लिहिले गेले आहे. त्याच्या लांबीकडे मात्र पुरेसे लक्ष गेलेले नाही. कामगार पुढाऱ्यावरचा खटला लांबतो तेव्हा त्याचा खरा निकाल न्यायाधीशाने लिहायच्या आधीच लागलेला असतो, आणि तो आरोपीच्या पिंजऱ्यात उभ्या असलेल्या माणसापेक्षा त्याच्या युनियनला जास्त भोवतो. मीरतपासून आजच्या जळगाव-धुळ्याच्या कोर्टापर्यंत हे सूत्र बदललेले नाही.

आधी मीरतच्या तारखा पाहू. अटक मार्च १९२९मध्ये झाली. दंडाधिकाऱ्यापुढची प्राथमिक चौकशी जानेवारी १९३०पर्यंत चालली. त्याच महिन्याच्या अखेरीस सत्र न्यायाधीश यॉर्क यांच्यापुढे मुख्य सुनावणी सुरू झाली आणि निकाल लागला १६ जानेवारी १९३३ रोजी. खटल्यात तीनशेहून अधिक साक्षीदार तपासले गेले, सरकारने हजारो कागद पुरावा म्हणून दाखल केले. त्यात पत्रे होती, पत्रके होती, सभांचे वृत्तांत होते, पुस्तके होती. बॉम्ब नव्हता, पिस्तूल नव्हते. यॉर्कसाहेबांनी २७ जणांना दोषी धरले. मुझफ्फर अहमद यांना जन्मठेप झाली, तर डांगे, घाटे, जोगळेकर, निंबकर आणि फिलिप स्प्रॅट यांना बारा बारा वर्षे. वयस्कर कामगार पुढारी ठेंगडी निकालापर्यंत जगलेच नाहीत, ते खटला चालू असतानाच वारले. पुढे अलाहाबाद उच्च न्यायालयात मुख्य न्यायमूर्ती शाह मुहम्मद सुलेमान आणि न्यायमूर्ती यंग यांच्यापुढे अपील चालले. चार वर्षे गिळणाऱ्या या प्रकरणाची तिथली सुनावणी आठ दिवसांत संपली. ३ ऑगस्ट १९३३च्या निकालाने नऊ जण निर्दोष सुटले, बाकीच्यांच्या शिक्षा एकदम खाली आल्या. डांग्यांची बारा वर्षे तीनवर आली. सुटलेल्या नवांत आळवे आणि कासले होते. अटकेपासून निर्दोष ठरेपर्यंत त्यांची चार वर्षे आणि साडेचार महिने खटल्याखाली गेले. अभूतपूर्व लांबीमुळे हा खटला कुप्रसिद्ध झाला, ही नोंद खुद्द उच्च न्यायालयाच्या निकालपत्रातच आहे.

या तारखांच्या शेजारी मुंबईच्या गिरणगावाच्या तारखा ठेवल्या की खटल्याने काय साधले ते दिसते. १९२८च्या एप्रिलपासून ऑक्टोबरपर्यंत मुंबईच्या गिरण्यांत जवळजवळ सहा महिने सार्वत्रिक संप झाला आणि त्या संपाच्या काळातच गिरणी कामगार युनियन जन्मली. वर्षअखेरीस तिचे सभासद पन्नास हजारांच्या वर गेले होते. तोवर हिंदुस्थानात एवढी मोठी आणि गिरणीगिरणीत समित्या असलेली युनियन कोणी पाहिली नव्हती. मार्च १९२९मध्ये तिचे म्होरके उचलले गेले. पुढच्याच महिन्यात दुसरा सार्वत्रिक संप सुरू झाला, पण वाटाघाटीला बसायला, मालकांचा डाव ओळखायला आणि माघार कधी घ्यायची ते ठरवायला मुरलेली माणसे बाहेर नव्हती. संप फसला, मालकांनी युनियनची मान्यता काढली, सभासद पांगले. रेल्वेतही तेच घडले. फेब्रुवारी १९३०मध्ये जीआयपीचा संप सुरू झाला तेव्हा जोगळेकर मीरतच्या कोठडीत होते. तो संपही पराभूत झाला. फक्त पुढारी नसल्याने हे संप हरले असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. मंदीचे सावट होते, युनियनमध्ये फाटाफूट होती, मालकांची तयारी पहिल्या संपापेक्षा जास्त होती. तरी एवढे निर्विवाद आहे की युनियनला ज्या दोन वर्षांत अनुभवी माणसांची सगळ्यात जास्त गरज होती, नेमकी ती दोन वर्षे ही माणसे चौदाशे किलोमीटरवर कोर्टात बसून होती. १९३३मध्ये उच्च न्यायालयाने शिक्षा कमी केल्या, तोवर १९२८ची युनियन जागेवर नव्हती. शिक्षा कमी करता येते, मोडलेली युनियन कोर्टाला परत जोडून देता येत नाही.

मीरत हे ठिकाण निवडण्यामागेही विचार होता. आरोपींपैकी मीरतचा असा एखादाच. बहुतेक मुंबई आणि कलकत्त्याचे. पण त्या शहरांत खटला भरला असता तर ज्यूरी आली असती, आणि ज्यूरीसमोर जाण्याचा धोका सरकारला नको होता. मीरतला सत्र न्यायाधीश आणि त्यांना सल्ला देणारे असेसर एवढ्यावर काम भागत होते. शिवाय मुंबईचा गिरणी कामगार उठून मीरतला जाणार कसा? कोर्टाच्या बाहेर गर्दी नाही, आतल्या माणसाला घरचा डबा नाही, ओळखीचा वकील नाही. बचावासाठी पंडित मोतीलाल नेहरू, जवाहरलाल नेहरू, डॉ. अन्सारी यांच्यासारखी माणसे समितीत आली, विलायतेत हॅरॉल्ड लास्की आणि फ्रान्समध्ये रोमाँ रोलाँ यांच्यासारख्यांनी आवाज उठवला, म्हणून मीरतचे नाव जगभर झाले. गावोगावच्या छोट्या पुढाऱ्यावर असाच खटला चालतो तेव्हा त्याला समिती नसते आणि रोलाँही नसतो.

जळगाव किंवा धुळ्यात आज कामगार पुढाऱ्यावर गुन्हा दाखल होतो तो बादशहाविरुद्धच्या कटाचा नसतो. तो फार किरकोळ दिसतो. जिल्हाधिकारी कचेरीवर मोर्चा नेला, जमावबंदीचा आदेश लागू होता, म्हणून महाराष्ट्र पोलीस कायद्याच्या कलम ३७ आणि १३५खाली गुन्हा. फाटकापुढे धरणे धरले, रस्ता अडला, म्हणून बेकायदा जमावाची कलमे. अधिकाऱ्याला निवेदन देताना बाचाबाची झाली, म्हणून सरकारी कामात अडथळा. पहिल्या प्रकारात दंडावर सुटका होईल एवढेच असते आणि शेवटच्या प्रकारात जामिनासाठी धावाधाव होते. मोर्चा अंगणवाडी सेविकांचा असो, आशाताईंचा असो, बाजार समितीतल्या हमाल-मापाड्यांचा असो की एमआयडीसीतल्या कंत्राटी कामगारांचा, फिर्यादीत पहिली पाच-दहा नावे पदाधिकाऱ्यांची येतात आणि पुढे ‘व इतर शंभर ते दीडशे’ अशी मोघम नोंद असते. हे इतर शंभर कधी कोर्टात दिसत नाहीत. तारखा चालतात त्या पहिल्या दहांच्या.

आणि तारीख म्हणजे काय, हे ज्याच्यावर ती आली आहे त्यालाच कळते. अकरा वाजता कोर्टात हजर राहायचे, शिपाई पुकारा करील म्हणून दाराशी उभे राहायचे. साहेब रजेवर असतात, किंवा सरकारी वकील दुसऱ्या कोर्टात असतात, किंवा पंचाला समन्स बजावलेले नसते. रोजनाम्यावर पुढची तारीख पडते. त्या दिवसाची मजुरी बुडाली, वकिलाची फी गेली, चोपडा किंवा साक्रीहून आलेल्याचे एसटीचे भाडे गेले. दहा आरोपींपैकी एक जरी गैरहजर राहिला आणि त्याचा हजेरी माफीचा अर्ज आला नाही, तर त्याच्या नावे वॉरंट निघते, मग ते रद्द करून घेण्यासाठी वेगळा अर्ज, वेगळा खर्च. एक आरोपी कामासाठी सुरतेला गेला की नऊ जणांचे काम अडते. गुन्हा सिद्ध झाला तर कदाचित काही शे रुपये दंड होईल, अशा प्रकरणात माणूस त्याच्या कितीतरी पट रक्कम तारखांवर घालवतो. म्हणून बरेच जण गुन्हा कबूल करून दंड भरतात आणि सुटतात. पण कामगार पुढाऱ्याने तसे केले की त्याच्या नावावर शिक्षा लागते. पुढच्या वेळी पोलीस तडीपारीचा प्रस्ताव करतात तेव्हा गुन्ह्यांची ही यादीच त्यात मांडली जाते. महाराष्ट्र पोलीस कायद्याप्रमाणे हद्दपारी दोन वर्षांपर्यंत करता येते. युनियनच्या चिटणिसाला दोन वर्षे जिल्ह्याबाहेर ठेवले की युनियनवर बंदी घालायची गरजच उरत नाही. आदेशाला कोर्टात आव्हान द्यायचे तर जळगाव-धुळ्याच्या माणसाला उच्च न्यायालयाच्या छत्रपती संभाजीनगर खंडपीठात जावे लागते, म्हणजे दीडशेएक किलोमीटर एका बाजूने.

कारखान्यातला हिशेब याहून वेगळा आणि जास्त कडक आहे. पुढारी स्वतः कामगार असेल तर गुन्हा दाखल होताच बहुधा निलंबन येते. कायद्याने पहिले नव्वद दिवस निम्मा पगार आणि त्यानंतर चौकशी कामगारामुळे लांबत नसेल तर पाऊण पगार निर्वाहभत्ता म्हणून ठरवला आहे. दुसरीकडे मालकाची घरगुती चौकशी सुरू होते. एकाच घटनेवर फौजदारी खटला आणि घरगुती चौकशी दोन्ही चालू असतील, तर खटल्यातला बचाव आधीच उघडा पडू नये म्हणून काही प्रकरणांत चौकशी थांबवता येते. पण सर्वोच्च न्यायालयाने १९९९च्या कॅप्टन पॉल अँथनी प्रकरणात सांगितले की खटला फार रेंगाळला तर थांबलेली चौकशी पुन्हा सुरू करता येते. तत्त्व म्हणून हे रास्त आहे, कारण मालकाला दहा वर्षे ताटकळत ठेवता येणार नाही. प्रत्यक्षात मात्र कोर्टाच्या दिरंगाईची किंमत कामगार मोजतो. खटल्यात निर्दोष सुटण्याआधी तो बडतर्फ झालेला असतो, आणि कामगार नसलेल्या माणसाला त्याच कारखान्याच्या युनियनमध्ये पाय रोवून उभे राहणे अवघड जाते. बाकीचे कामगार हे सगळे बघत असतात. पुढच्या निवडणुकीत चिटणीसपदाला उभे राहायला कोणी तयार होत नाही. हा परिणाम कुठल्याही निकालपत्रात लिहिलेला नसतो.

यावर पहिला आक्षेप सरळ आहे. देशातल्या खालच्या न्यायालयांत चार कोटींहून अधिक खटले तुंबले आहेत. बांधाच्या भांडणाला वीस वर्षे लागतात, तिथे कामगार पुढाऱ्यासाठी वेगळा न्याय कशाला? दिरंगाई सर्वांना सारखी आहे, हे मान्य. तिच्यामागे प्रत्येक वेळी कोणाचा डाव असतो असे मी म्हणत नाही. उलट कामगार पुढारी जेव्हा बळी ठरतो तेव्हाही कोर्ट तितकेच संथ चालते. भिलाईत शंकर गुहा नियोगी यांचा खून २८ सप्टेंबर १९९१चा. सत्र न्यायालयाने दोषी धरले, उच्च न्यायालयाने सोडले आणि गोळी झाडणाऱ्याला सर्वोच्च न्यायालयात जन्मठेप व्हायला २००५ उजाडले. डॉ. दत्ता सामंतांचा खून १६ जानेवारी १९९७ रोजी पवईत झाला. त्या प्रकरणात छोटा राजनविरुद्धच्या खटल्याचा निकाल जुलै २०२३मध्ये लागला, आणि तो निर्दोष सुटला. कामगारांचे वकील आणि पुढारी कॉम्रेड गोविंद पानसरे यांच्यावर फेब्रुवारी २०१५मध्ये गोळ्या झाडल्या गेल्या, आरोप निश्चित व्हायला २०२३ साल लागले. म्हणजे वेळ सगळ्यांचा सारखाच जातो. पण तो गेल्याने होणारे नुकसान सारखे नसते. बांधाचा वाद वीस वर्षांनी मिटला तरी बांध तिथेच असतो. संपाची संधी, वेतनकराराची मुदत, कामगारांनी टाकलेला विश्वास या गोष्टी काही महिन्यांच्या असतात. एका पक्षाला दिरंगाई झेपते आणि दुसऱ्याला झेपत नाही, तेव्हा सर्वांना सारखा संथ न्याय देणे म्हणजे झेपणाऱ्याच्या पारड्यात वजन टाकणे होय.

दुसरा आक्षेप मीरतच्या बाबतीत वारंवार घेतला गेला आहे आणि त्यात तथ्य आहे. खटला आरोपींनीच लांबवला. त्यांनी न्यायालयाचे व्यासपीठ केले, एकेकाने शेकडो पानांचे जबाब दिले आणि त्या जबाबांतच कित्येक महिने गेले. हे खरे आहे, आणि आजही आरोपीचे वकील तारखा मागतात हेही खरे आहे. मात्र क्रम पाहायला हवा. जबाबांची पाळी आली ती अटकेला दोन वर्षे होत आल्यावर. तोवरचा सारा वेळ सरकारच्या साक्षीदारांचा आणि कागदांच्या ढिगाचा होता. पत्रव्यवहार आणि पुस्तके हाच पुरावा असेल तर त्या पुस्तकांतल्या विचारांना उत्तर देण्याचा हक्क आरोपीला नाकारता येत नाही. विचारांवर खटला भरायचा आणि आरोपी विचार मांडतो म्हणून त्याला वेळकाढू म्हणायचे, हे न्यायाचे नाही. तारखा मागणाऱ्या आरोपींबद्दल बोलायचे तर कोर्टाने ज्याने दिरंगाई केली त्याच्याकडून खर्च वसूल करावा. सरकार पक्षालाही तोच नियम हवा. साक्षीदार आणला नाही म्हणून सरकार पक्षाने आरोपीची बुडालेली मजुरी भरून दिली, असे आपल्याकडच्या कोर्टांत ऐकिवात येत नाही.

तिसरा आक्षेप सगळ्यात गंभीर. संपात हिंसा झाली, माणूस मेला, तर पुढाऱ्यावर खटला चालवायचा नाही का? अर्थातच चालवायचा. मानेसरच्या मारुती कारखान्यात १८ जुलै २०१२ रोजी दंगल आणि जाळपोळ झाली, एका वरिष्ठ अधिकाऱ्याचा त्यात मृत्यू झाला. त्याच्या घरच्यांनाही निकाल लवकर हवा होता. पण तिथे झाले काय? सुमारे दीडशे कामगारांवर खटला चालला, त्यांतले बहुतेक जण वर्षानुवर्षे जामिनाविना तुरुंगात राहिले. मार्च २०१७मध्ये ३१ जण दोषी ठरले, त्यांतल्या तेरा जणांना जन्मठेप झाली, आणि ११७ जण निर्दोष सुटले. त्याआधीच, घटनेनंतर महिन्याभरात, पाचशेहून अधिक कायम कामगारांना कंपनीने काढून टाकले होते. ११७ निर्दोष माणसांची वर्षे आणि नोकऱ्या गेल्या, मृताच्या कुटुंबाला साडेचार वर्षांहून जास्त थांबावे लागले. खटला लवकर चालणे ही आरोपीवर मेहेरबानी असते, अशी समजूत असेल तर ती इथे टिकत नाही. ज्याने काडी ओढली आणि जो फक्त युनियनचा सभासद होता, त्यांच्यात फरक करायला कोर्टाने जितका वेळ घेतला तितका अन्याय दोन्ही बाजूंवर झाला.

चौथा आक्षेप कामगार चळवळीतूनच येतो, आणि तो अभिमानाने सांगितला जातो. तुरुंगाने पुढारी घडतात. मीरतने डांगे, मिरजकर, अधिकारी यांना देशभर ओळख दिली, कम्युनिस्ट विचार वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर नेला. यात खोटे काही नाही. पुढारी मोठा होतो हे खरे, पण त्याच्या मोठेपणाने युनियनचे नुकसान भरून निघते का? डांगे पुढे खासदार झाले, मिरजकर मुंबईचे महापौर झाले. अर्जुन आळवे हे नाव आज कामगार चळवळीच्या इतिहासाच्या पुस्तकांबाहेर कोणाला आठवत नाही. ते स्वतः गिरणी कामगार होते, गिरणीगिरणीत त्यांचा राबता होता. तुरुंगातून असे लोक परतले तेव्हा त्यांचे मूळ बळ, म्हणजे खात्याखात्यातली समिती, उरले नव्हते. खटला बुद्धिवंत पुढाऱ्याला मोठा करतो आणि कामगारातून वर आलेल्या पुढाऱ्याला संपवतो. खानदेशात तर कामगारातून आलेल्या पुढाऱ्याशिवाय युनियन चालत नाही. इथे मुंबईसारखे पगारी कार्यकर्ते आणि वकिलांचे जाळे नाही. अमळनेरची प्रताप मिल, जळगावची खानदेश मिल, धुळ्याची न्यू प्रताप मिल बंद पडल्यावर मोठ्या युनियनही गेल्या. आता वीस-पंचवीस गावांतून विखुरलेल्या अंगणवाडी सेविका किंवा वीस-तीस छोट्या कारखान्यांतले कंत्राटी मजूर एकत्र आणायचे असतात. ते काम एक-दोन माणसांच्या पायावर उभे असते. त्या माणसांचे पाय कोर्टाच्या पायऱ्यांवर अडकले की काम थांबते.

कायद्याला हे कळत नाही असे नाही. मीरतच्याच खटल्यातून एक चांगली गोष्ट निघाली. लेस्टर हचिन्सन आणि जोगळेकर यांच्या जामीन अर्जांवर १९३१मध्ये अलाहाबाद उच्च न्यायालयाने जे सांगितले, त्याचा आधार सर्वोच्च न्यायालयाने १९८०च्या गुरबक्षसिंग सिब्बिया निकालात घेतला. जामीन हा नियम आणि नकार हा अपवाद, आणि बाहेर असलेला आरोपी आपला बचाव जास्त चांगला करू शकतो, हा त्याचा गाभा. भुसावळच्या वाटेवरच्या रेल्वे कामगारांची युनियन बांधणाऱ्या माणसाचे नाव आज जामिनाच्या युक्तिवादात कानी पडते. एवढे होऊनही एल्गार परिषदेच्या प्रकरणात ऑगस्ट २०१८मध्ये अटक झालेल्या, छत्तीसगडच्या खाण आणि पोलाद कामगारांत हयात घालवलेल्या वकील सुधा भारद्वाज यांना जामीन मिळायला डिसेंबर २०२१ उजाडला, तोही तपासाच्या मुदतीच्या तांत्रिक मुद्द्यावर, आणि तोवर आरोपही निश्चित झाले नव्हते. आरोपांबद्दल कोणाचे काही मत असो, आरोप न ठरता तीन वर्षे कोठडी हे कुठल्याच मताने समर्थनीय नाही. खटल्याला कालमर्यादा घालायचा प्रयत्नही झाला. सर्वोच्च न्यायालयाने १९९६च्या कॉमन कॉज निकालात ठरावीक काळ रखडलेले काही प्रकारचे खटले बंद करायला सांगितले. पण २००२मध्ये रामचंद्र राव प्रकरणात सात न्यायमूर्तींच्या पीठाने सांगितले की कोर्ट असा सरसकट काळ ठरवू शकत नाही, हे विधिमंडळाचे काम आहे. जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत आरोप निश्चित करायला साठ दिवस, निकाल द्यायला तीस आणि फार तर पंचेचाळीस दिवस अशा मुदती आल्या आहेत. त्या मोडल्या तर काय, याचे उत्तर संहितेत नाही.

म्हणून या खटल्यांचा शेवट कोर्टाबाहेर होण्याची परंपराच पडली आहे. १९७४च्या मे महिन्यात रेल्वेचा देशव्यापी संप झाला, हजारो रेल्वे कामगार पकडले गेले, बडतर्फ झाले. बडतर्फांना परत घेतले ते १९७७मध्ये मधु दंडवते रेल्वेमंत्री झाल्यावर. संपाचे नेते जॉर्ज फर्नांडिस यांच्यावर आणीबाणीत दाखल झालेला बडोदा डायनामाइट खटलाही त्याच वर्षी सरकार बदलल्यावर मागे घेतला गेला. महाराष्ट्रातही राजकीय आणि सामाजिक आंदोलनांतले खटले काढून घेण्यासाठी सरकार वेळोवेळी शासन निर्णय काढते. जीवितहानी नसावी, मालमत्तेचे नुकसान पाच लाखांच्या वर नसावे, अशा अटी त्यात असतात. जिल्ह्यातली समिती शिफारस करते, सरकारी वकील कोर्टात अर्ज करतो, कोर्ट परवानगी देते. यातून अनेकांची सुटका झाली हे चांगलेच आहे. पण जो पुढारी सत्तेच्या जवळ आहे त्याचा अर्ज लवकर हलतो, आणि जो आजही सरकारी कचेरीवर मोर्चा नेतो त्याची फाईल मागे राहते, ही भीती रास्त आहे. निर्दोष ठरण्याचा हक्क असलेल्या माणसाला माफीच्या रांगेत उभे करणे हा न्याय नाही. शिवाय खटला मागे घेतल्याने जमावबंदीचा आदेश मुळात योग्य होता का, लाठी चालवायची गरज होती का, या प्रश्नांचा निवाडा कधीच होत नाही, आणि पुढच्या मोर्चाला तोच आदेश तसाच निघतो.

यातला काही भाग बदलायला संसदेची वाट पाहावी लागत नाही. आंदोलनातून आलेले किरकोळ खटले, ज्यांत कोणी जखमी नाही आणि कमाल शिक्षा वर्षाच्या आत आहे, त्यांची जळगाव आणि धुळ्याच्या न्यायालयांत स्वतंत्र यादी करता येईल, उच्च न्यायालयाच्या सूचनेवरून प्रमुख जिल्हा न्यायाधीशांना ते शक्य आहे. अशा खटल्यांत वकिलामार्फत हजेरी सरसकट मान्य करावी. सरकार पक्ष सलग दोन तारखांना साक्षीदार आणू शकला नाही तर पुरावा बंद करण्याचा अधिकार दंडाधिकाऱ्याला आजही आहे, तो वापरला जावा. तडीपारीचा प्रस्ताव करताना प्रलंबित आंदोलनाचे गुन्हे मोजू नयेत, एवढी लेखी सूचना पोलीस अधीक्षक स्वतः काढू शकतात. आणि युनियननीही आपल्या बाजूने एक काम करायला हवे. प्रत्येक मोर्चानंतर कोणावर कोणता गुन्हा दाखल झाला, किती तारखा झाल्या, किती मजुरी बुडाली, किती तारखांना सरकार पक्ष तयार नव्हता, याची वही ठेवायला हवी. खंडपीठापुढे खटला रद्द करण्याचा अर्ज जातो तेव्हा नुसते ‘फार वर्षे झाली’ म्हणून चालत नाही. २०१९च्या अमुक तारखेपासून अठरा तारखा पडल्या आणि त्यांतल्या चौदा सरकार पक्षामुळे वाया गेल्या, असे कागदावर दाखवता आले तर न्यायमूर्तींना त्याकडे काणाडोळा करणे कठीण जाते.